मेमो पुन्हा लिही

बसू नकोस, उभाच राहा. तुझा अपील मेमो मी दोनदा वाचला. चौदा मुद्दे, त्यांतले अकरा साक्षीपुराव्यावर! अरे, त्या पोराने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गुन्हा कबूल केलाय. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलात दोनच गोष्टी उरतात, शिक्षेचं प्रमाण आणि तिची कायदेशीरता. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं होतं.

आणि शिक्षेबद्दल काय लिहिलंस? ‘शिक्षा अवाजवी कठोर आहे, दया व्हावी.’ चार ठिकाणी हेच. शिक्षा किती द्यायची हा खालच्या कोर्टाचा विवेकाधिकार. ‘जास्त वाटते’ एवढ्यावर सत्र न्यायाधीश त्यात हात घालत नाहीत. कोर्ट कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवावं लागतं. मुंबईच्या अदमजी उमर दलाल खटल्यात सुप्रीम कोर्टाने दंड कमी केला, तो दयेपोटी नव्हे. दंड ठरवताना गुन्ह्याइतकीच आरोपीची ऐपत पाहायची असते, म्हणून.

तुझ्या पक्षकाराचं वय किती? निकालाच्या पहिल्या पानावर छापलंय, वीस. मोबाइलची चोरी, पहिलाच गुन्हा, आणि दोन वर्षं सक्तमजुरी. १९५८ चा प्रोबेशन कायदा उघड, कलम ६. एकवीसच्या आतल्या मुलाला अशा गुन्ह्यात तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाने प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, त्यावर विचार करायचा, आणि तरीही कैदच द्यायची तर कारणं नोंदवायची. निकालात अहवालाचा उल्लेख नाही, कारणांचा नाही. तुझ्या मेमोतही नाही! माझा राग आहे तो इथे. तुझी सगळी केस त्या एका आकड्यात होती आणि तू तो वाचून पान उलटलंस.

शिक्षा स्थगितीचा अर्जही जोडलेला नाहीस. अपील बोर्डावर येईपर्यंत पोरगा शिक्षा भोगून बाहेर पडला, तर जिंकून त्याला काय देणार आहेस? मुदत तीस दिवसांची, आज सव्विसावा. नकलेचे दिवस वगळून मिळतात म्हणून निवांत राहायचं नाही.

आता त्याच्या आईला फोन लाव. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन उद्या सकाळी यायला सांग. वय शिक्षा सुनावली त्या दिवसाचं धरतात, गुन्ह्याच्या दिवसाचं नव्हे. त्याच मुद्द्यावरचा रामजी मिस्सरचा निकाल रात्री वाच. नवा मेमो मला उद्या अकराच्या आत हवा.