भिंतीपलीकडचे दोघे

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १४८५च्या आसपासचं एक छोटंसं गोल चित्र आहे. धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढून छापलेलं. काढणाऱ्याचं नाव इतिहासाला ठाऊक नाही. अभ्यासक त्याला ‘हाउसबुक मास्टर’ म्हणतात. चित्रात ॲरिस्टॉटल आहे. तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, प्राणिशास्त्र अशी शास्त्रांवर शास्त्रं लिहिणारा, शिकंदराचा गुरू असलेला ॲरिस्टॉटल. तो हातापायांवर रांगतोय आणि त्याच्या पाठीवर चाबूक घेऊन फिलिस नावाची तरुणी बसली आहे. लगाम तिच्या हातात.

हे चित्र बायकांच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापावं की नाही, यावरून पुण्यातल्या एका घरात आत्या आणि भाचीची चांगलीच जुंपली. भाची अंकाची संपादक, विषय ‘ती आणि सत्ता’. आत्या कलामहाविद्यालयात पाश्चात्त्य कलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे मत विचारायचं म्हणजे तास ऐकायची तयारी ठेवायची.

“छान आहे,” आत्या म्हणाली, “पण हे बाईचं कौतुक आहे असं कुणी सांगितलं तुला? बाईच्या नादी लागलात तर तुमचा असा गाढव होईल, ही पुरुषांनी पुरुषांना दिलेली तंबी आहे.”

“गाढव नाही, घोडा.”

“तेच ते.”

आत्याचा मुद्दा इतिहासाला धरून आहे. तेराव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत युरोपात अशा चित्रांची रांगच लागली होती. सर्वांत बलवान सॅमसन, त्याचे केस डिलायलाने कापवले. सर्वांत शहाणा राजा सॉलोमन, तो बायकांपायी मूर्तिपूजेला लागला. महाकवी व्हर्जिल प्रेयसीच्या खिडकीशी टोपलीत बसून वर चढायला गेला आणि तिने टोपली मध्येच लटकत ठेवली. सकाळी सगळं रोम बघायला जमलं. मांतेन्याने १५००च्या सुमारास सॅमसन-डिलायला रंगवले तेव्हा मागच्या झाडाच्या खोडावर लॅटिनमध्ये एक वाक्य कोरलेलं दाखवलं. वाईट बाई सैतानाच्याही वरताण असते, असा त्याचा आशय. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. न्यूरेंबर्गच्या नगरभवनाच्या सजावटीसाठी ड्यूररने १५२१ मध्ये आराखडा काढला, त्यातही सॅमसन, ॲरिस्टॉटल आणि बाथशिबाला भुललेला डेव्हिड आहेत. कारभारी पुरुषांनी कारभार करताना डोळ्यांसमोर काय ठेवायचं, तर हे.

“म्हणजे बघ,” आत्या म्हणाली, “बाईच्या हाती सत्ता दिली की जग उलटं होतं, एवढंच त्यांना म्हणायचंय. शिमग्याला शिव्या द्यायची मुभा असते, म्हणून काय पाटीलकी जाते? दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. तू हा शिमगा मुखपृष्ठावर लावतेयस.”

भाचीने याची तयारी केलेली होती. इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९७५च्या पुस्तकात नेमकं याच्या उलट मांडलं होतं. उलट्या जगाच्या या खेळांनी बाईला नेहमी जागच्या जागी बसवलंच असं नाही. कधीकधी त्यांनी बंडाला तोंड फोडलं, दंगलीत पुरुषसुद्धा बायकांचे कपडे घालून उतरले. “शिमग्यातून कुणाला काय सुचेल ते गावचा पाटील ठरवत नाही, आत्या.”

यावर आत्या हसली, पण मागे हटली नाही. तिला गोष्टीच्या मुळाशी जायचं होतं. मूळ गोष्ट खरी नाहीच. प्राचीन ग्रीक ग्रंथांत तिचा मागमूस नाही. तेराव्या शतकात जाक द व्हित्री या धर्मगुरूने ती प्रवचनात दृष्टांत म्हणून सांगितली आणि त्याच शतकात फ्रेंच भाषेत तिचं काव्य झालं. त्या काव्यात शिकंदर हिंदुस्थान जिंकून एका तरुणीच्या प्रेमात अडकतो. ॲरिस्टॉटल त्याला झापतो, शिकंदर तिच्यापासून दूर राहू लागतो. तिला कारण कळतं आणि ती सूड घ्यायचं ठरवते. पहाटे म्हाताऱ्याच्या खिडकीखाली बागेत अनवाणी, केस मोकळे सोडून गात फिरते. म्हातारा खिडकीतून हात पुढे करतो. ती म्हणते, आधी मला पाठीवर बसवून बागेत फिरवा. तो खोगीर चढवून घेतो. वरून शिकंदर बघतोय, हे तिने आधीच ठरवून ठेवलेलं.

“तिच्याकडे कारण आहे, हे लक्षात घे,” भाची म्हणाली. “उगाच खोडी काढायला आली नव्हती. तिच्या माणसाला तिच्यापासून तोडलं होतं.”

“आणि पकडला गेल्यावर ॲरिस्टॉटल काय म्हणतो? ‘बघ, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची ही गत, तर तुझ्यासारख्या पोराचं काय होईल?’ शेवटचा शब्द त्याचाच! घोडा झाला तरी धडा तोच शिकवतोय. फिलिस बिचारी गोष्टीतून कधी निघून गेली ते कुणाला आठवतही नाही.”

हा वार बरोबर बसला. भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने पंचतंत्र काढलं. चौथ्या तंत्रात नंद राजा रुसलेल्या राणीला मनवण्यासाठी तोंडात लगाम घेतो, तिला पाठीवर बसवतो आणि घोड्यासारखा खिंकाळतो. त्याचा विद्वान मंत्री वररुची बायकोच्या हट्टापायी डोकं भादरून घेतो. दुसऱ्या दिवशी राजा विचारतो, पर्व नसताना हजामत कशी? मंत्री त्याला खिंकाळण्याची आठवण करून देतो. ही गोष्ट अरबी साहित्यातूनही फिरली आहे आणि फिलिसच्या कथेचं मूळ पूर्वेकडे शोधणारे अभ्यासक आहेत. आपल्याकडे विशेष असं की दोघेही बायकोच्या ताटाखालची मांजरं निघतात. शहाणपणाचा बडेजाव मिरवायला कुणी उरतच नाही.

“पण तिथेही राणी फक्त रुसते,” आत्याने टोकलं. “रुसणं ही काय सत्ता झाली?”

मग आत्याने पर्याय सुचवला. मुखपृष्ठावर जुडिथ घे. डोनातेल्लोची. आपल्या शहराला वेढा घालणाऱ्या होलोफर्नीस सेनापतीचं डोकं कापायला तलवार उगारून उभी असलेली विधवा. १४५०च्या दशकात सुरुवात झालेला हा ब्राँझचा पुतळा फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या वाड्यात होता. १४९४ मध्ये मेदिचींना शहराबाहेर काढल्यावर प्रजासत्ताकाने तो उचलून शहराच्या मुख्य चौकात, सरकारी वाड्यासमोर बसवला, जुलमी सत्तेला इशारा म्हणून. पण पुढे मायकेलँजेलोचा डेव्हिड कुठे ठेवायचा यावर जानेवारी १५०४ मध्ये बैठक बसली. लिओनार्डो, बोत्तिचेल्ली असे लोक तिथे होते. नगरपालिकेचा भालदार उठून म्हणाला की जुडिथ हे अशुभ चिन्ह आहे, बाईने पुरुषाला मारणं शोभत नाही, आणि ती इथे आल्यापासून शहराचे दिवस फिरले, पिसाही हातचं गेलं. त्याच वर्षी डेव्हिड तिच्या जागी उभा राहिला.

“मूर्तीला घाबरून हलवलं, याहून मोठी पावती कुठली हवी?” आत्या म्हणाली. “फिलिसला कुणी घाबरलं का? तिला तर जेवणाच्या टेबलावर ठेवत होते.”

आत्याच्या बोलण्यातला हा टेबलाचा उल्लेख शब्दशः खरा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १४००च्या आसपासची, आजच्या नेदरलँड्स-बेल्जियम भागातली एक ब्राँझची झारी आहे. जेमतेम फूटभर उंच. पाहुण्यांनी हात धुवायचं पाणी तिच्यातून पडायचं. ॲरिस्टॉटल रांगतोय, फिलिस एका हाताने त्याचे केस धरून दुसऱ्या हाताने त्याच्या ढुंगणावर चापट मारतेय. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर सोशिक, किंचित गोंधळलेलं समाधान आहे.

भाचीला इथेच धागा सापडला. “त्या झारीत शिकंदर नाहीये. बघे कोण? टेबलावरचे पाहुणे. आणि पाहुण्यांत बायका नसतीलच कशावरून?” पॅरिसला चौदाव्या शतकात हस्तिदंती पेट्या कोरल्या जात, त्यावर फिलिसची स्वारी असे, दागदागिने ठेवायच्या, प्रेमात भेट द्यायच्या या पेट्या. फ्रायबुर्गच्या संग्रहालयातलं जवळपास पाच मीटर लांबीचं एक भरतकाम तर जोगिणींच्या आडेलहाउझन मठातलं. त्यावर सॅमसन, ॲरिस्टॉटल, व्हर्जिल असे सगळे पडलेले वीर ओळीने भरलेले आहेत. “प्रवचनकाराने तंबी म्हणून दिलं, पण मठातल्या बाईने रोज बघताना काय बघितलं ते प्रवचनकाराच्या हातात होतं का?”

“त्याच्या शेवटी कुमारिका आणि युनिकॉर्न आहे. त्यांनी पावित्र्याचाच धडा घेतला असेल.”

“असेलही. पण म्हातारा रांगताना बघून कुणीतरी हसलं असेलच ना?”

आत्याने मान डोलावली आणि चष्मा लावून स्क्रीनवर वाकली. मुखपृष्ठाचा मसुदा तिने आता पहिल्यांदा नीट पाहिला. “मूळ चित्रात भिंतीपलीकडून दोन पुरुष डोकावतात. ते कुठे गेले?”

डिझायनरने कापले होते. अंकाच्या नावाला जागा हवी होती.

भाचीने आधी कापण्याची बाजू घेतली. झारीवालाही शिकंदर कापूनच मोकळा झाला होता, आपणही कापला. तिथे बघे पाहुणे होते, इथे बघ्या आपल्या वाचक. आत्या म्हणाली, मग तुझ्या वाचकांना खोटं सांगतेयस, कारण हा खेळ दोन पुरुषांसाठी मांडलेला आहे हे त्यांना दिसणारच नाही. ते दोघे काढले की फिलिस जिंकल्यासारखी दिसते. ते असले की कळतं, ती नाटकातली स्वार आहे.

या भांडणात भाचीचं मुख्य म्हणणं टिकतं. चित्र काढणाऱ्याच्या हेतूपाशी चित्र थांबत नाही, नाहीतर ही अर्धी कला आज बघण्याच्या लायकीची उरली नसती. जुडिथचा पर्याय मात्र दिसतो तितका निर्मळ नाही. लुकास व्हान लायडनच्या अशाच लाकडी ठशांच्या मालिकेत फसवणाऱ्या बायकांच्या रांगेत याएलही आहे, जिने शत्रुसेनापतीच्या कानशिलात खुंटी ठोकली आणि जिची बायबलमध्ये स्तुती गायली आहे. तारणारी आणि बुडवणारी यांत त्या काळाने फार फरक केला नव्हता. पण कात्रीबाबत आत्या बरोबर आहे. भिंतीपलीकडचे दोघे ठेवायलाच हवेत. ते असले तरच वाचकाला विचारता येतं की तमाशा कुणी भरवला.

अंकाचं नाव आता खाली गेलं आहे, लहान अक्षरांत. आतल्या पानावर नंद राजाची गोष्ट येईल. जुडिथसाठी आत्याने स्वतः लेख लिहायचं कबूल केलंय, शब्दमर्यादा न पाळण्याच्या अटीवर.