दहा रुपयांची भेळ

हिवाळा लागला की चाकणच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये बाल आनंद मेळावा भरतो. कुठे त्याला आनंद बाजार म्हणतात, कुठे बालबाजार, कुठे नुसतंच खाऊगल्ली. वर्गातली बाकं पटांगणात येतात आणि त्यांच्यावर भेळ, अप्पे, मटकीची उसळ, पेरूच्या फोडी, मेथीच्या जुड्या मांडल्या जातात. भाव लिहिलेला असतो कंपनीच्या पॅकिंगच्या खोक्यातून फाडलेल्या पुठ्ठ्यावर. कारखान्यांच्या या पट्ट्यात तसला पुठ्ठा कुणाच्याही घरात सापडतो.

हा बाजार मांडणारी बरीचशी मुलं खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी इथल्या चाळींतल्या एका खोलीत राहतात. कुणाचं गाव लातूर-परभणीकडे, कुणाचं बिहार-ओडिशात. आई-वडील दोघंही कामाला, पुष्कळदा कंत्राटी, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलती. शाळा सुटल्यावर मूल दप्तरातली किल्ली काढून स्वतःच कुलूप उघडतं. म्हणूनच पाचवी-सहावीतल्या मुलांना कुकर लावता येतो, कणीक मळता येते, धाकट्याला भरवून झोपवता येतं. शाळेत याबद्दल कुणी विचारत नाही आणि मूलही सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही.

बाजाराच्या दिवशी हे सगळं उघड्यावर येतं. सहावीतली एक मुलगी भेळेसाठी कांदा चिरायला बसते. बोटांची टोकं आत वळवलेली, सुरी एका लयीत चाललेली, डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसलेलं. कुणीही ओळखावं की हा हात रोजचा आहे. शेजारच्या बाकावरचा मुलगा आपले ओबडधोबड तुकडे पाहतो आणि कांदे तिच्यापुढे सरकवतो, ‘‘माझेपण दे ना चिरून.’’ ती देते. मग वहीच्या पानाचा कोन वळवून त्यात मुरमुरे, फरसाण, वरून चिंच-गुळाचं पाणी, आणि समोर आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न, ‘‘तिखट करू का मध्यम?’’ दहा रुपये घेऊन डब्यात टाकते. हजेरीला जेमतेम ऐकू येईल असं ‘हजर’ म्हणणारी ही मुलगी.

या बाजारातून मुलांना व्यवहारज्ञान येतं, नफा-तोट्याची गणितं कळतात, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे. पण मला त्याचं मोल या कांद्यात दिसतं. घरी ती हेच काम रिकाम्या खोलीत, घड्याळाकडे बघत करते. इथे तिच्या आजूबाजूला चार जण आहेत, कुणी तिचं कौशल्य मागून घेतंय, कुणी पुन्हा भेळ घ्यायला येतंय. एकटेपणानं तिला जे शिकवलं, त्याची किंमत तिला माणसांत बसून कळते. मुलाच्या मनाला आधार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? आणि डब्यात बिहारकडची लिट्टी आहे म्हणून कोपऱ्यात तोंड वळवून जेवणाऱ्या मुलाकडे त्या दिवशी लिट्टीसाठी रांग लागते, तेव्हा त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

मार्च 2024 मध्ये राज्य सरकारनं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ ठरवला. त्याच्या यादीत रोजच्या जगण्यातलं पैशाचं व्यवस्थापन आहे आणि नातेसंबंध हाताळण्याची कौशल्यंही आहेत. या दोन गोष्टी एकाच सकाळी, भाषण न देता शिकवणारा दुसरा उपक्रम मला तरी दिसत नाही. ही कल्पना नवीही नाही. शांतिनिकेतनात महालयेच्या दिवशी मुलं असाच आनंदबाजार भरवत आली आहेत, आणि त्याचं उत्पन्न सेवेच्या कामाला जातं.

बाजार बिघडतो तो मोठ्यांमुळे. वाकड-पिंपळे सौदागरकडच्या मोठ्या शाळांत आया रात्रभर जागून पदार्थ करतात, मुलं नुसती मागे उभी राहतात. मग तो आयांचा बाजार होतो. दुसरी खोड बक्षिसाची. सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्याला बक्षीस देऊ नये, असं मी अगदी आग्रहानं म्हणेन. आठवडाभर वर्गात चालते ती चढाओढ निदान इथे तरी नको. बाजार उठताना कुणाच्या तरी पातेल्यात निम्मे अप्पे उरलेले असतातच, आणि त्याचा चेहरा पडतो. अशा वेळी आपला हात चटकन खिशात जातो. पण दयेनं घेतलेली प्लेट मुलाला बरोबर कळते. त्यापेक्षा काही शाळांत शेवटच्या पंधरा मिनिटांत पैसे बंद होतात आणि नुसती अदलाबदल चालते: तुझे अप्पे दे, माझी उसळ घे. ते मला फार आवडतं. उरलेलं सगळ्यांकडेच असतं, हे मुलांना तेव्हा एकमेकांच्या पातेल्यात डोकावून समजतं.

राहता राहिला प्रश्न वाराचा. शनिवार चाकणच्या गुरांच्या बाजाराचा आणि आता शाळेच्या आनंदाचाही. पण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवारी भरलेला बाजार या मुलांच्या आई-वडिलांना दिसतच नाही. फार तर रात्री डब्यातली चिल्लर दिसते. मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा तरी तो गुरुवारी भरवावा. आपली लेक कांदा चिरते हे आईला माहीत असतं, पण त्या कांद्यासाठी रांग लागते हे तिनं पाहिलेलं नसतं. तिनंही त्या रांगेत उभं राहावं, दहा रुपये मोजून द्यावेत आणि तिखट की मध्यम ते सांगावं.