एकाच पानावरच्या दोन अळ्या

इंग्लंडमधल्या बागांना बर्बेरिसच्या कुंपणाची भारी हौस. आपल्या दारुहळदीच्याच वंशातलं हे झुडूप. काटे असल्यामुळे राखण होते, पानांना रंग असल्यामुळे शोभाही येते. २००० सालाच्या सुमारास तिथे बर्बेरिसवरची करवतमाशी आली. खरं तर ती गांधीलमाशीच्या गणातली. अंग निळसर काळं. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा दातेरी अवयव असतो, त्यानं पान चिरून ती आत अंडी घालते. त्यातून निघणाऱ्या पांढुरक्या, काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या अख्ख्या झुडपाचा खराटा करून सोडतात.

ह्यांना सुरवंट समजून चालत नाही. फुलपाखरांच्या अळीला पोटाखाली मांसल पायांच्या फार तर पाच जोड्या असतात, करवतमाशीच्या अळीला सहा किंवा अधिक. पाय मोजत बसणं किचकट खरं, पण सुरवंटांवर मारायचं बीटी हे जिवाणूंपासूनचं कीटकनाशक ह्या अळ्यांना बाधत नाही. न मोजता फवारणाऱ्याचे पैसे पाण्यात.

एवढ्यावरून माशीला बर्बेरिसची वैरीण ठरवावं, तर तिच्याआधी माणसाचा नंबर लागतो. गव्हाच्या खोडावरचा काळा तांबेरा हा बुरशीचा रोग रानटी बर्बेरिसच्या आसऱ्यानं वाढतो. शेतकऱ्यांना ह्याचा वास फार पूर्वी लागला होता. फ्रान्समध्ये रूआँला १६६० सालीच ही झुडपं तोडण्याचा कायदा झाला. शास्त्रीय पुरावा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन डी बारीनं दिला तो १८६५ साली. (शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हसणाऱ्यांनी मधली दोनशे वर्षं मोजावीत.) इंग्लंडमध्येही बांधाबांधावरची बर्बेरिस उपटली गेली. तिच्याच पानांवर जगणारा बार्बेरी कार्पेट नावाचा पतंग त्यापायी दुर्मीळ झाला. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच्या अळ्यांना खायला मिळावं म्हणून लोक मुद्दाम बर्बेरिस लावतात.

म्हणजे पान खाणं हा गुन्हा नव्हे. खाणारा दुर्मीळ असला की त्याला पान वाढायचं, मुबलक असला की मारायचं. ह्याला मी ढोंग म्हणणार नाही. तांबेऱ्याच्या वेळी प्रश्न भाकरीचा होता, तिथे झुडपाची गय करणं परवडणारं नव्हतं. पण कुंपणाच्या शोभेला भाकरीइतकं वजन कशाला द्यायचं? पानं गेलेली बर्बेरिस सहसा मरत नाही, पुन्हा फुटते. झुडूप लहान असेल तर अळ्या हातानं वेचता येतात. फवारायचंच असेल, तर निदान फुलं असताना नको, तेव्हा तिथे मधमाश्या असतात.