निष्ठा गहाण ठेवता येते

पनवेलमध्ये यंदाच्या पावसाळ्यात झालेल्या एका चर्चासत्रात एका विद्वान वक्त्यांनी क्रीडाप्रेमावर घणाघात केला आणि भरपूर टाळ्या मिळवल्या. हरणाऱ्या संघामागे वर्षानुवर्षं उभं राहणं हा लोकशाहीला मारक संस्कार आहे, असं त्यांचं म्हणणं. दुकानदाराने खराब माल दिला तर आपण दुकान बदलतो, मग संघाने खराब खेळ दिला तर संघ का बदलत नाही? जो आपल्या संघाला काहीही झालं तरी सोडत नाही, तो उद्या आपल्या नेत्यालाही काहीही झालं तरी सोडणार नाही. उदाहरणाला त्यांनी खारघर-पनवेलची पोरं घेतली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक या फुटबॉल संघाचा हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टीशर्ट घालून फिरणाऱ्या या मुलांचा ग्लासगोशी संबंध काय, असा त्यांचा सवाल होता.

ही मांडणी सोडून देण्यासारखी नाही. तिच्यात एक मोठी चूक आहे आणि एक मोठं सत्यही आहे, आणि टाळ्या चुकीला पडल्या.

संबंधाचा प्रश्न आधी निकालात काढतो. १८८८ साली सिमल्यात फुटबॉलचा पहिला ड्युरंड चषक जिंकला तो रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स या स्कॉटिश पलटणीने, आणि अंतिम सामन्यात तिच्याकडून हरलेली हायलँड लाइट इन्फंट्रीही स्कॉटिशच. १९३६ साली कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोला गेला आणि बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून सेल्टिककडून खेळला. २०२० साली मणिपूरची बाला देवी ग्लासगोच्याच रेंजर्सच्या महिला संघात दाखल झाली. फुटबॉल आपल्याकडे आला त्यात स्कॉटिश सैनिकांचा हात होता आणि आपली माणसं तिथे जाऊन खेळून आली. पंढरपूरपासून शेकडो मैलांवर राहणाऱ्याने विठ्ठलाला आपलं म्हणायचं की नाही हे कुणी अंतर मोजून ठरवत नाही. खेळाच्या बाबतीतच का ठरवायचं?

आता दुकानाची गोष्ट. दुकानातला माल गिऱ्हाईक यायच्या आधी तयार असतो. सामना तसा तयार नसतो, तो प्रेक्षकांसमोर घडतो आणि त्यांच्या असण्याने बदलतो. शिवाय दुकान बदलणाऱ्याला जुन्या दुकानाची आठवण बाळगायची गरज पडत नाही. संघाच्या पाठीराख्याकडे आठवणीखेरीज दुसरं भांडवलच नसतं. एडिनबरोच्या हार्ट्सचं १९८६ साल घ्या. ३ मे रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, डंडीच्या मैदानावर त्यांना फक्त बरोबरी हवी होती, की १९६० नंतरचं पहिलं लीग विजेतेपद त्यांचं. सात मिनिटं उरली असताना बदली म्हणून आलेल्या आल्बर्ट किडने गोल केला, थोड्याच वेळात दुसरा केला, आणि विजेतेपद गोलफरकावर सेल्टिककडे गेलं. आठवड्याभरात हार्ट्स चषकाचा अंतिम सामनाही ॲबर्डीनकडून ०-३ हरले. वक्त्यांच्या हिशेबाने त्या आठवड्यात एडिनबरोच्या अर्ध्या शहराने दुकान बदलायला हवं होतं. बदललं नाही. तो पराभव आजही घराघरात वडील मुलाला सांगतात, आणि ऐकून मुलगा हार्ट्सचाच होतो. ग्राहकशास्त्रात याला जागा नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. हार्बर लाइनवर पनवेलहून सहाव्या स्टेशनावर नेरूळ आहे. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबई सिटीने आपल्या पहिल्याच घरच्या सामन्यात पुणे सिटीला ५-० हरवलं आणि आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. पुढच्या वर्षी हाच संघ फातोर्ड्याला गोव्याकडून ०-७ हरला. नंतर संघ अंधेरीला गेला, आणि पनवेल-अंधेरी लोकलचा तो लांबलचक प्रवास करून इथली पोरं तिथेही गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल नेरूळला आला तेव्हा जखमी नेमार सोबत नव्हता. आशियाई स्पर्धेत त्या वर्षी मुंबई सिटीने सहाच्या सहा सामने गमावले. पोरं तरीही गेली.

आणि कोल्हापूर तर आपलंच. महाराष्ट्रात स्कॉटलंडसारखा फुटबॉल कुठे असेल तर तो तिथे. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब: यातले बहुतेक संघ तालमींचे आणि मंडळांचे, म्हणजे पेठांचे. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की शहर दोन भागांत वाटलं जातं. माझे एक शेजारी मंगळवार पेठेतले. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये हिशेब लिहितात, कामोठ्यात राहतात, आणि पाटाकडीलचा सामना असला की जेवणाचं ताट समोर ठेवून मोबाइलवर डोळे लावतात. पाटाकडील हरत असली की ताट तसंच राहतं. सामना संपला की फोन लावतात तो घरी लावत नाहीत, तालमीतल्या एका जुन्या कार्यकर्त्याला लावतात. ‘त्या पोराला डावीकडं कशाला खेळीवला?’ इथून सुरुवात होते आणि पाऊण तास भांडण चालतं. पलीकडचा माणूस फोन ठेवत नाही. त्याला ठेवता येत नाही, कारण दर वर्षी यांची वर्गणी त्याच्याच हातात पडते आणि यांचे वडील त्याच तालमीत दंड मारत होते.

हा फोन मला फार महत्त्वाचा वाटतो. तो समजून घ्यायला माझ्या आवडत्या विचारवंताकडे जावं लागेल, आणि तिथे थोडं थांबावंही लागेल.

अल्बर्ट हर्शमन १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मला. हिटलर सत्तेवर आला तेव्हा अठरा वर्षांचाही नव्हता. जर्मनी सोडली, स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, १९४० साली मार्सेलमध्ये राहून नाझींच्या तावडीतून माणसं बाहेर काढायच्या कामात हातभार लावला आणि शेवटी स्वतःही अमेरिकेला निघून गेला. इतक्यांदा देश सोडावा लागलेल्या माणसाने १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. अर्थशास्त्राला पहिलीच वाट दिसते. आमच्या वक्त्यांनाही तीच दिसली.

हर्शमनला हा विचार सुचला तो नायजेरियात. तिथली रेल्वे भुईमुगाच्या वाहतुकीतही ट्रकपुढे हरत होती, आणि तरी सुधारत नव्हती. पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं की स्पर्धा आली की सेवा सुधारते. हर्शमनच्या लक्षात आलं की इथे उलट घडलंय. ज्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा करून रेल्वेला जागं केलं असतं, तीच आधी ट्रककडे गेली. मागे उरले त्यांच्या ओरडण्याला वजन नव्हतं, आणि सरकारी तिजोरी पाठीशी असल्यामुळे रेल्वेला गिऱ्हाईक गेल्याचं दुःखही नव्हतं. निघून जाण्याची सोय आवाज मारते.

हे वाचताना मराठी माणसाला नायजेरिया आठवत नाही, आपल्या मराठी शाळा आठवतात. पनवेल तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जाऊन पाहा. ज्या पालकांनी मुख्याध्यापकांना जाब विचारला असता, शिक्षक का नाहीत म्हणून पंचायत समितीत जाऊन बसले असते, त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणा निर्णय घेतला. मागे राहिली ती वीटभट्टीवरची आणि वाडीवरची मुलं, ज्यांच्या आईबापांचं शिपाईही ऐकत नाही. महाराष्ट्रातल्या फुटबॉलचंही हेच झालं. खेळ कळणारा प्रेक्षक रात्री टीव्हीवरच्या प्रीमियर लीगकडे गेला, आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावर काय चाललंय हे विचारणारं कुणी उरलं नाही. दुकान बदला, हा सल्ला इथे गेली तीस वर्षं पाळला जातोय. त्याची फळं समोर आहेत.

निष्ठेचं काम हर्शमनच्या मते इथे सुरू होतं. निष्ठा माणसाला दारातच अडवते, निघून जायला उशीर लावते, आणि तेवढ्या उशिरात आवाजाला संधी मिळते. कामोठ्यातला तो पाऊण तासाचा फोन म्हणजे हीच संधी.

इथपर्यंत मी वक्त्यांच्या पूर्ण विरोधात आहे. पण हर्शमनचं पुढचं म्हणणं पाठीराख्यांना अडचणीचं आहे आणि ते झाकून ठेवणं बरं नव्हे. निष्ठेला धार असते ती जाण्याची शक्यता शिल्लक असेपर्यंतच. ‘मेलो तरी सोडणार नाही’ असं ज्याने आधीच सांगून ठेवलंय, त्याच्या ओरडण्याची मालकाला भीती कशाची? आणि नुसतं दुर्लक्षच होतं असं नाही. अशी निष्ठा बाजारात विकली जाते.

ग्लासगोच्या रेंजर्सच्या बाबतीत ती अक्षरशः गहाण पडली. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइटने हा संघ एक पौंडाला विकत घेतला आणि बँकेचं १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज फेडायची हमी दिली. कर्ज फिटलं. पैसे आले ते टिकेटस नावाच्या कंपनीकडून, आणि बदल्यात तिला मिळाली पुढच्या हंगामांची तिकिटं, म्हणजे प्रेक्षकांनी अजून न घेतलेली तिकिटं. ती घेतली जाणारच याची सर्वांना खात्री होती, कारण रेंजर्सचा माणूस तिकीट घेणारच. त्याच्या प्रेमावर त्याला न विचारता कर्ज उभं राहिलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला. व्हाइटवर खटला झाला आणि २०१७ साली ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. निष्ठा गहाण ठेवणं हा गुन्हा ठरला नाही.

२०१२ सालीच रेंजर्सला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. १८ ऑगस्ट २०१२ रोजी ईस्ट स्टर्लिंगशायर या छोट्याशा संघाविरुद्धचा सामना पाहायला ४९,११८ माणसं आली. हा आकडा मी वर्षानुवर्षं निष्ठेचा विजय म्हणून सांगत आलो. आता त्याच्याकडे पाहताना मला त्यात विजयाइतकाच धोकाही दिसतो. या माणसांनी संघ जिवंत ठेवला, हे खरंच. पण ती येणारच, हे गृहीत धरूनच तर संघ बुडवला गेला होता. वक्त्यांच्या बोलण्यातलं सत्य ते हे, आणि ते त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं: बिनशर्त निष्ठा मालकाच्या हातातलं कोलीत असते. संघ असो नाहीतर पक्ष.

मात्र यावर त्यांचा उपाय निघून जाण्याचा, आणि तो आपण मराठी शाळांच्या बाबतीत करून पाहिलाय. दुसरा उपाय हार्ट्सच्या माणसांनी केला. २०१३ साली लिथुआनियन मालकाच्या काळातल्या कर्जापायी हार्ट्स दिवाळखोरीत गेला, पंधरा गुण कापले गेले, २०१४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. पाठीराख्यांनी ‘फाउंडेशन ऑफ हार्ट्स’ काढलं आणि दर महिन्याला वर्गणी द्यायला सुरुवात केली. ॲन बज या उद्योजिकेने मधल्या काळात संघ सांभाळला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बहुसंख्य शेअर फाउंडेशनच्या नावावर झाले. तोपर्यंत वर्गणीदार आठ हजारांच्या घरात होते. मधे २०२० साली संघ पुन्हा खाली घसरला होता. २०२५ मध्ये टोनी ब्लूम या धनिकाने जवळजवळ एक कोटी पौंड गुंतवले, तेव्हा त्याला शेअर दिले ते मताधिकार नसलेले. पैसा बाहेरचा चालेल, मत घरचंच राहील. जर्मनीतला पन्नास अधिक एकचा नियम मतांचं बहुमत संघाच्या सदस्यांकडे राखतो. मला हार्ट्स जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांना हे नियमाने मिळालं नाही. त्यांनी ते हप्त्याहप्त्याने विकत घेतलं.

आपल्याकडे मात्र संघ मरतात आणि कुणाला विचारलं जात नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि संपला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी गेला. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. त्याच वर्षी मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या काही वर्षांत संघाने दोनदा लीग शील्ड, दोनदा चषक जिंकला. मग भारतीय फुटबॉल महासंघाचा २०१० सालचा पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपत आला, पुढचं काही ठरेना, लीगच अडकली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सिटी ग्रुप बाहेर पडला. बाहेर पडण्याचा हक्क बजावला तो मालकाने. पनवेलहून लोकलने अंधेरीला जाणारा मुलगा जागचा हलला नाही, आणि त्याच्या मताची नोंद कुठेच झाली नाही. आमच्या वक्त्यांना अंधभक्त दिसला तो हा मुलगा. मला तो बेदखल कुळासारखा दिसतो.

कोल्हापूरचं उदाहरण देऊन मी सुटलो असं नाही. मालकी पेठेची असली म्हणून शहाणपण येतंच असं नाही. शाहू स्टेडियमवर दगडफेक झाली आहे, हाणामाऱ्या झाल्या आहेत, पोलिसांना मधे पडावं लागलं आहे. वक्त्यांच्या अंधनिष्ठेच्या आरोपाला याहून चांगला पुरावा मिळणार नाही आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं मात्र दिसतं की तिथे जाब विचारायला पत्ता आहे. कुठल्या तालमीची पोरं होती हे शहराला माहीत असतं, तालमीतली वडीलधारी माणसं बैठकीला येऊन बसतात, आणि हवं तेव्हा संघाला स्पर्धेबाहेर ठेवता येतं.

मुंबई सिटीला आज ना उद्या नवा भागीदार लागणार. त्या करारात पाठीराख्यांच्या नोंदणीकृत संस्थेला हिस्सा हवा, भले दहा टक्के असो, आणि संघाचं नाव, रंग, शहर आणि विक्री या चार गोष्टी तिच्या मताशिवाय बदलता येऊ नयेत. हे कुणी आपणहून देणार नाही. अशी संस्था आधी काढावी लागेल, तिचा हिशेब दर वर्षी छापावा लागेल, आणि आपल्या वाट्याची वर्गणी संघ हरत असतानाही द्यावी लागेल. महिन्याला दोनशे रुपये म्हटले तर माझे पहिल्या महिन्यापासून धरा. कामोठ्याच्या शेजाऱ्यांना मी विचारलं आहे. पाटाकडीलची वर्गणी आधी, मग बघू, असं ते म्हणाले.