आधी धीर, मग जोर

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगड या गोंडी श्रद्धास्थानाची चढण चढणारे वयोवृद्ध यात्रेकरू वाटेत खडकावर टेकतात, दम घेतात आणि पुन्हा चालू लागतात. त्या टेकण्याला कुणी आळस म्हणत नाही.

गोंडी परंपरा सांगते, की येथील गुहेत कोंडलेल्या बालकांच्या मुक्तीसाठी गोंडी धर्मगुरू पारी कुपार लिंगो यांच्यासमवेत आलेल्या हिरासुका पाटालीर यांनी किंगरी हे तंतुवाद्य वाजविले. त्या सुरांनी आतल्या बालकांना धीर आला, आणि मगच द्वारावरची शिळा हलली. आधी धीर, मग जोर.

ज्यांच्या मेजावर सायंकाळीही दप्तरांचा ढीग उरतो, आणि किती प्रकरणांचा निकाल लावला एवढ्यावरच जे स्वतःची योग्यता तोलतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे. घाईने मारलेला शेरा काम संपवीत नाही. ते दुसऱ्याच्या मेजावर ढकलतो. परंतु एखादे प्रकरण मुळापासून वाचून, अर्जदाराचे म्हणणे शांतपणे ऐकून दिलेला निर्णय अर्जदार आणि निर्णय देणारा या दोघांनाही निश्चिंत करतो, आणि त्या निश्चिंततेतूनच आत्मविश्वास वाढतो. आधी धीर, मग जोर. आज कचेरीत जो पहिला कागद हाती घ्याल, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.