परवा नव्हे

पौषातल्या खरसुंडीच्या यात्रेला नऊ दिवस राहिले होते. हरण्या, माझा दुसा खिलार खोंड, धुऊन लोखंडी फाटकाला बांधला होता. दावे आखूड धरले होते, ही पहिली चूक. रस्त्यावरून ट्रॅक्टर धडधडत गेला, तो बुजला आणि त्याने हिसडा मारला. डावे शिंग गजांत अडकले होते. वरची अख्खी खोळ फाटकातच राहिली आणि डोक्यावर उरला लालभडक, रक्त गळणारा गाभा.

हा अपघात होता. त्यासाठी मी स्वतःला फार दोष देत नाही. दोष पुढच्या सहा दिवसांचा आहे.

खिलाराची किंमत शिंगात असते. मागे झुकलेली, सारख्या बाकाची जोडी. एक शिंग गेले की बाजारात निम्मी बोलीही येत नाही. त्या क्षणी मला हरण्याचे डोळे दिसायला हवे होते. मला दिसला तो मोडलेला सौदा. मी जखमेवर हळद दाबली, ती खोळ फाटकातून काढून पुन्हा गाभ्यावर चढवली आणि बुडाशी चिंधीने करकचून आवळली. लांबून शिंग शाबूत दिसत होते.

आमच्याकडे म्हणतात, शिंगाला जीव नसतो. ते खरे आहे फक्त वरच्या खोळीपुरते, ती नखासारखी. आतला गाभा हाडाचा, रक्ताने आणि संवेदनेने भरलेला. वासरू काही महिन्यांचे झाले की कपाळाच्या हाडातली पोकळी त्या गाभ्यात शिरते. म्हणून गाभ्याला बुडाशी चीर गेली, तर शिंगाची जखम थेट डोक्यात उघडते. त्या संध्याकाळी हरण्याच्या डाव्या नाकपुडीतून रक्ताची धार आली होती. मी ती फडक्याने पुसली. ती कशाची खूण आहे हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. पण कुणाला विचारायचे मी मुद्दाम टाळले, हेही तितकेच खरे.

करायचे काय होते? स्वच्छ फडके दोन्ही शिंगांच्या बुडांभोवती इंग्रजी आठसारखे गुंडाळून रक्त थांबवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचे. धनुर्वाताचे, वेदनेचे इंजेक्शन, रोज धुणे, माश्यांपासून राखण. एवढेच. थंडीत माश्या कमी असतात, असा मी हिशेब केला होता.

सहाव्या दिवशी वास सुटला. हरण्या मान डावीकडे कलती धरून उभा, वैरणीला तोंड लावेना, नाकातून पू. तेव्हा मी फोन केला.

डॉक्टरांनी डोळा आणि शिंग यांच्या मध्ये इंजेक्शन देऊन भाग बधिर केला आणि खोळ उतरवली. आत किडे वळवळत होते. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून ते वर आणले आणि चिमट्याने एकेक काढले. मी मोजत होतो. चाळिसाच्या पुढे मला मोजवेना.

"कधी झालं हे?" त्यांनी विचारले.

"परवा," मी म्हणालो.

त्यांनी चिमट्यातला किडा उजेडात धरला. चांगला पोसलेला होता. दोन दिवसांत किडा एवढा होत नाही, हे त्यांना कळत होते. ते काही बोलले नाहीत; औषध वाढवून लिहिले. माझ्या उत्तरावरून ज्याला उपचार ठरवायचे होते, त्या माणसाशी मी खोटे बोललो, तेही ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने. खोळीखाली कोंडलेल्या घाणीपेक्षा मला हे जास्त सलते.

तीन आठवडे रोज जखम धुतली. यात्रा होऊन गेली. हरण्या वाचला. आता गाभ्यावर पातळ, खडबडीत कवच धरले आहे. शिंग वेडेवाकडेच राहील. डाव्या बाजूने गेलो की तो डोके काढून घेतो. बायको गेली तर घेत नाही. म्हणून वैरण मी उजवीकडून टाकतो.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचायला येणार आहेत. परवा नव्हे, सहा दिवस झाले होते, हे त्यांना मला हरण्यापाशी उभे राहून सांगायचे आहे.