मध्येच सोडणे

जून-जुलैत शाळा सुरू झाली की आठवी-नववीची मुले मोठ्या हौसेने एन.सी.सी.त नाव घालतात, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांतली काही ‘मला सोडायचे आहे’ म्हणू लागतात. मग घरात दोन पक्ष पडतात. वडील म्हणतात, हाती घेतलेले टाकायचे नाही; आई म्हणते, पोराचे मन नाही तर बळजबरी कशाला? शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढेही हा प्रश्न येतो, कारण काही ठिकाणी परेड रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळी असते.

दिलेला शब्द पाळावा, हे खरेच. आपले नुकसान झाले तरी शब्दापासून न ढळणाऱ्याची थोरवी पंधराव्या स्तोत्रात सांगितली आहे. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने फॉर्मवर केलेली सही म्हणजे विवाहाची शपथ नव्हे. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. जे ऐच्छिक आहे ते सोडण्याची मुभाही त्यातच आली. तेव्हा सोडणे पाप की पुण्य, असे विचारण्यात अर्थ नाही. माझ्या मते दोनच गोष्टी पाहाव्यात: सांगितलेले कारण हेच खरे कारण आहे काय, आणि आपल्या जाण्याने कोणाचे अडते?

रविवारचे नाव निघाले की आपण एरिक लिडेलचा दाखला देतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो धावला नाही. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटात त्याला हे बोटीवर चढताना कळते असे दाखविले आहे. प्रत्यक्षात ते त्याला कित्येक महिने आधी ठाऊक होते, आणि त्याने आपला नकारही आधीच कळविला होता. मग तो चारशे मीटरच्या तयारीला लागला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. मला पदकापेक्षा ते ‘आधी कळविणे’ मोलाचे वाटते. त्याने शर्यत सोडली, सोबत्यांना तोंडघशी पाडले नाही.

आमच्याकडचा नववीतला एक मुलगा मला म्हणाला, “सर, उपासना चुकते, म्हणून एन.सी.सी. सोडतो.” मी विचारले, “परेड शनिवारी ठेवली तर?” तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “बुटांनी फोड येतात, आणि पाऊल चुकले की सगळ्यांदेखत ओरडतात.” आता हे कारण काही खोटे नाही, हलकेही नाही. पण ते सांगायला लाज वाटते, आणि उपासनेचे नाव घेतले की मंडळीत शाबासकी मिळते! देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको, ही आज्ञा शिव्याशापांपुरतीच आहे असे आपण मुलांना शिकवितो काय? मी त्याला एवढेच सांगितले की, फोडांसाठी सोडायचे तर फोडांसाठी सोड.

योहान मार्काचेही असेच. पंफुल्यातील पिर्गा येथे तो पौल व बर्णबा यांना सोडून यरुशलेमेस परत गेला. का गेला, हे प्रेषितांची कृत्ये सांगत नाही. आपले उपदेशक मात्र त्याला खुशाल भित्रा ठरवितात. पुढे त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचा एवढा वाद झाला की ते वेगळे झाले. म्हणजे मध्येच सोडण्याने इतरांना झळ लागते, हे खरे. आणि त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौलाने पुढे तीमथ्याला लिहिले, हेही खरे.

एन.सी.सी.च्या जागा मोजक्या असतात. वर्षाच्या मध्यावर सोडले तर ज्याला घेतले नव्हते त्या मुलाची संधी गेलेली असते. म्हणून होईल तर वर्ष पुरे करावे. सोडायचेच झाले तर बापाच्या चिठ्ठीआड न लपता मुलाने स्वतः शिक्षकांना सांगावे, आणि गणवेश, पट्टा, टोपी धुऊन-पुसून परत करावी.

मात्र जेथे मुलाला मारहाण होते, जातीधर्मावरून टोचून बोलतात किंवा कोणी अंगाशी येते, तेथे वर्ष पुरे करण्याची भाषा आपण काढू नये. मुलाला त्याच दिवशी घरी आणावे आणि मुख्याध्यापकांकडे आईबापांनी जावे.